गावंडेबाबू आणि शेवटची गाडी

वकिलीतला पहिला धडा मला एका कारकुनाने दिला, आणि तो कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. सनद नवी, कोट नवा, आणि नव्या कोटातला माणूस जरा जास्तच ताठ चालतो, तसा मी अमरावतीच्या कोर्टात शिरलो होतो. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी फायलींच्या ढिगाआड एक किडकिडीत गृहस्थ बसले होते. डोक्यावर केस जवळजवळ नव्हते, पण भुवया मात्र दोन माणसांना पुरतील इतक्या दाट. मी ऐटीत विचारलं, "बाबू, आमचं प्रकरण बोर्डावर कितवं आहे?"

कोर्टात त्या दिवशी कोणती प्रकरणं कोणत्या क्रमाने पुकारायची याची यादी दाराशी लागते, तिला बोर्ड म्हणतात. ती यादी हे गृहस्थ करत. त्यांनी फायलीतून मान वर न काढता विचारलं, "तुमचा पक्षकार कोण्या गाडीनं वापस जाते?"

मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. मी प्रश्न पुन्हा, मोठ्याने विचारला. त्यांनीही त्यांचा प्रश्न पुन्हा, तेवढ्याच मोठ्याने विचारला. माझा पक्षकार शेजारीच उभा होता. तो घाबरून म्हणाला, "चांदूरबाजारची, साडेतीनची."

"मंग बारावा नंबर. अडीचच्या आत होते. जेवून घ्या जी तुमी."

हे पुंडलिक गावंडे. सगळं कोर्ट त्यांना गावंडेबाबू म्हणे. मूळचे अकोटचे, पण नोकरीची सगळी वर्षं अमरावतीत काढलेली. बोर्ड कसा लावायचा याची परिपत्रकं आहेत. जुनं प्रकरण आधी, नवं नंतर, असा साधारण शिरस्ता. गावंडेबाबू परिपत्रकाला हात जोडत, ते फायलीला लावत, आणि मग आपल्या पद्धतीने बोर्ड लावत. ज्याची शेवटची गाडी लवकर, त्याचा पुकारा आधी. गावातले लोक सगळ्यात शेवटी. ही गोष्ट कुठेही लिहिलेली नव्हती आणि आवारातल्या चहावाल्यापासून टायपिस्टपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त न्यायाधीशांना. ते दर तीन वर्षांनी बदलत आणि बोर्डाकडे वरून खाली बघत, खालून वर नाही.

त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली इतरांच्या टेबलावर असतात तसे देव नव्हते. तिथे एसटीच्या गाड्यांचं वेळापत्रक होतं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. मोर्शी, वरुड, शेंदूरजनाघाट, दर्यापूर, अकोट, धारणी. दर रविवारी सकाळी अंघोळ करून ते स्टँडवर जात आणि चौकशीच्या खिडकीशी उभं राहून वेळा ताडून पाहत. हा माणूस कुठे प्रवासाला निघालाय असं पहिले काही रविवार खिडकीतल्या माणसाला वाटलं. पुढे तो त्यांच्यासाठी चहा सांगू लागला. एकदा मी त्यांच्या घरी गेलो असता त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "अजी, मले पाह्यले आले तवाच समजलं होतं. पोरीचं नाव विचारलं नाई, शिक्षण विचारलं नाई. माह्या बापाले म्हणे, वापसीची गाडी कितीले हाये?" गावंडेबाबू शांतपणे म्हणाले, "पावणेपाचची होती. हुकली नाई, म्हणून लगन झालं."

मी एकदा विचारलं होतं की हा उपद्व्याप कशासाठी. तेव्हा ते डबा खात होते. डबा ते खिडकीत उभं राहूनच खात, कारण तिथून स्टँडकडे जाणारा रस्ता दिसे. ठेच्याचा घास घेऊन म्हणाले, "गावातला माणूस कोर्टात येते, वकीलसाहेब. बाहेरगावचा माणूस आपला अख्खा दिवस घेऊन येते. निकाल लागन तवा लागन. पण त्याचा दिवस आपून काहून ठेवून घ्यावा?" एवढं बोलून त्यांनी डबा मिटला. त्यांची सगळी न्यायसुधारणा या चार वाक्यांत होती आणि त्यासाठी त्यांनी कधी एकही परिसंवाद भरवला नाही.

पद्धत कळली की तिला पळवाटा शोधायच्या, हा आमच्या पेशाचा धर्म. अमरावतीत तीन पिढ्या राहिलेले पक्षकार अचानक मोर्शीचे झाले. एका इसमाने तर छातीवर हात ठेवून सांगितलं की तो पहाटेच मोर्शीहून निघालाय. गावंडेबाबूंनी त्याला आपुलकीने खुर्ची दिली.

"लई ऊन होतं का जी गाडीत?"

"हाव ना बाबू. चटके बसून राहिले होते."

"कोण्या हाताले? डाव्या का उजव्या?"

तो गडबडला. मग ठासून म्हणाला, "उजव्या."

"मंग तुमी मोर्शीले चालले होते," गावंडेबाबू म्हणाले. "मोर्शीहून येणाऱ्याले सकाळचं ऊन डाव्या हाताले लागते. जा, बाहेर बसा. तुमचा नंबर चव्वेचाळीस."

कॅम्प भागात राहणारे एक ज्येष्ठ वकील, ज्यांना आम्ही दादासाहेब म्हणत असू, ते मात्र ऊन-सावलीच्या भानगडीत पडणारे नव्हते. त्यांना बोर्डावर खालचा नंबर हा स्वतःचा अपमान वाटे. एकदा भर कोर्टात, न्यायाधीश यायच्या आधी, ते गरजले, "गावंडे, माझी वकिली तुझ्या नोकरीपेक्षा जुनी आहे!" गावंडेबाबू उभे राहिले. मोठ्या माणसाशी बोलताना ते नेहमी उभे राहत. म्हणाले, "साहेब, तुमची गाडी दाराशी उभी हाये. तुमाले सोडून थे कुठी जात नाई." आम्ही ज्युनियर लोकांनी फायलींमागे तोंडं लपवली. दादासाहेबांनी ते लक्षात ठेवलं.

मग आमच्या कोर्टात नव्या न्यायाधीश आल्या. वयाने तरुण, शिस्तीच्या कडक, आल्या पुण्याकडून. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला चेंबरमध्ये हळूच विचारलं होतं, "हे गावंडे सारखे रागावलेले का असतात?" मी म्हटलं, "मॅडम, ते लाडाने बोलतायत." आमची वऱ्हाडी कानाला सरावायला तेवढा वेळ लागतोच.

मॅडमना कोर्ट सुधारायचं होतं, आणि अगदी मनापासून. तारखांवर तारखा पडतात, लोक वर्षानुवर्षं खेटे घालतात, याची त्यांना खरीच चीड होती. त्यांनी पाहिलं की सगळ्यात जास्त वेळ जातो तो आम्हा वकिलांना शोधण्यात. पुकारा झाला की ज्युनियर उठून म्हणतो, "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, प्रकरण थोडं मागे ठेवा." त्यांनी नियम केला: पुकारा एकदाच. हजर नसाल तर प्रकरण खारीज. पंधरा दिवसांत कोर्ट असं चालू लागलं की आम्हीच चकित झालो. नियम चांगला होता. गावंडेबाबूंचाही चांगला होता. दोन चांगले नियम एकमेकांवर आदळले की मध्ये कोण सापडतं, ते आम्हाला एका सोमवारी कळलं.

मध्ये सापडली ती माझीच पक्षकार. शेंदूरजनाघाटच्या सुभद्राबाई. साठी उलटलेल्या, एकट्या, संत्र्याचा बगीचा स्वतः सांभाळणाऱ्या. बगीच्याकडे जाणारी वहिवाटीची वाट शेजाऱ्याने तारा ठोकून बंद केली होती. खालच्या कोर्टात आम्ही हरलो, म्हणून अमरावतीला अपील. संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला आला होता, झाडं वाकली होती, आणि आत गाडी जायला रस्ता नव्हता. डोक्यावरून टोपल्या काढायच्या तर निम्मा माल झाडाखालीच सडणार. "वकीलसाहेब, फळ थांबत नाई वो कोर्टासाठी," असं त्या मला दर तारखेला सांगत. त्या दिवशी अंतिम सुनावणी होती.

गावंडेबाबूंनी नेहमीप्रमाणे बोर्ड लावला. शेंदूरजनाघाटची परतीची शेवटची थेट गाडी सव्वाचारची. त्या दिवशीच्या पक्षकारांत सगळ्यात लवकरची, म्हणून सुभद्राबाईंचं अपील पहिल्या नंबरवर. पण त्याच आठवड्यात गाड्यांच्या वेळा बदलल्या होत्या, आणि नेमके त्या रविवारी गावंडेबाबू भाचीच्या लग्नाला अकोटला गेले होते. सकाळची गाडी आता अमरावतीला पोचायची ती साडेअकराच्या पुढे. अकराला पुकारा झाला. सुभद्राबाई हजर नाहीत. वकील हजर नाहीत. अपील खारीज.

वकील कुठे होते, ते सांगायला हवं. अर्जात मी पुढे लिहिलं की दुसऱ्या न्यायालयात व्यस्त होतो. खरं म्हणजे मी कँटीनमध्ये आलूबोंडा खात होतो. पहिल्या नंबरचं प्रकरण अकराच्या ठोक्याला निघेल असं वकिलीत आजवर घडलं नव्हतं. तेवढ्यात सुभद्राबाईंचा शेजारी, म्हणजे आमचा विरोधी पक्षकार, हसत आत आला आणि त्याने कँटीनमधल्या सगळ्यांना चहा सांगितला. मीही प्यालो. अर्धा कप संपल्यावर विचारलं, "काय, विशेष काही?" मी कोट काढून बसलो होतो, त्याने मला ओळखलं नव्हतं. म्हणाला, "बुढीचं अपील गेलं ना!"

मी धावत वर गेलो तेव्हा पावणेबारा झाले होते. व्हरांड्यात सुभद्राबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. धापा टाकत मला म्हणाल्या, "वकीलसाहेब, आपला नंबर कवा हाये?" त्या क्षणी मला स्वतःची जेवढी लाज वाटली, तेवढी आजवर कधी वाटलेली नाही.

आमच्यामागे गावंडेबाबू उभे होते. चेहरा पांढराफटक. ते बाईंना म्हणाले, "माय, तुमचा नंबर होऊन गेला. माह्यामुळं. इथंच बसा, कुठी जाऊ नका." मग माझ्याकडे वळले. "तुमी अर्ज लिहा. अन् तुमचं दुसरं कोर्ट कुठी भरलं होतं थे मले ठाऊक हाये, मिशीले चटणी लागली हाये. पुसा आधी."

मी अर्ज लिहायला बसलो. ते पलीकडे बसून काहीतरी लिहीत होते. मी डोकावलो तर तो स्वतःचाच खुलासा होता. कोणी मागितलेला नव्हता. मी म्हटलं, "बाबू, वेडे झालात का? निवृत्तीला पाच महिने राहिले. अपील माझ्या गैरहजेरीत गेलं, तुमचं नाव येतंच कुठे? हा कागद दिलात तर बोर्डाचं सगळं उघडं पडेल. दादासाहेब टपूनच बसलेत. चौकशी लागेल." त्यांनी भुवया वर केल्या. "लागू द्या," म्हणाले, आणि सही ठोकली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही चेंबरमध्ये गेलो. विरोधी वकीलही होते. मॅडमनी तो कागद वाचायला घेतला आणि दोनदा वाचला. तो खुलासा मला आजही जवळजवळ पाठ आहे. त्यात लिहिलं होतं: "बोर्डाचा क्रम मी प्रकरणाच्या वर्षाप्रमाणे न लावता पक्षकाराच्या परतीच्या गाडीप्रमाणे लावत आलो. वेळापत्रक परिशिष्ट अ म्हणून जोडले आहे. आजची चूक अशी की मी परतीची गाडी पाहिली, येणारी पाहिली नाही. पुकारा झाला तेव्हा बाई वाटेत असतील हे माझ्या ध्यानात आले होते. मी उभे राहून सांगितले नाही. सांगितले असते तर माझा क्रम उघड झाला असता. मला भीती वाटली. बाईंची यात काही चूक नाही."

काचेखालून काढलेलं ते पिवळं पडलेलं वेळापत्रक मॅडमनी उलटसुलट करून पाहिलं.

"गावंडे, हे किती वर्षं चालू आहे?"

"काच बसवली तवापासून, मॅडम."

"कोणत्या नियमाखाली?"

"नियमाखाली नाई, काचेखाली," असं ते म्हणतील अशी मला धास्ती होती, कारण तेवढा खट्याळपणा त्यांच्यात होता. पण ते मान खाली घालून म्हणाले, "नियम नाई मॅडम. लोकाईची गाडी जाते म्हणून."

विरोधी वकिलांनी अर्जाला जोरदार हरकत घेतली. मॅडमनी त्यांना विचारलं, "तुमचे अशील कुठून आले?"

"शेंदूरजनाघाटहून."

"कसे?"

"स्वतःच्या कारने."

"आणि अपीलकर्त्या बाई? त्याच गावच्या ना?"

मॅडमनी अर्ज मंजूर केला, अपील पुन्हा दाखल करून घेतलं आणि दुपारी सर्वांत आधी ऐकलं. मी जीव तोडून युक्तिवाद केला, पोटातला आलूबोंडा मला गप्प बसू देत नव्हता. चार वाजायला आले तेव्हा गावंडेबाबूंनी घड्याळाकडे पाहून खोकायला सुरुवात केली. मॅडमनी वर पाहिलं. "काय झालं?" "सव्वाचारची, मॅडम." मॅडम सुभद्राबाईंना म्हणाल्या, "आजी, तुम्ही निघा. तुमचं म्हणणं तुमचे वकील सांगतील." न्यायाधीशाने पक्षकाराला गाडीसाठी सोडल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच आठवड्यात निकाल लागला आणि तारा निघाल्या. बहार गाडीतून बाहेर पडला.

गावंडेबाबूंना मॅडमनी दिलेला कागदही पाहण्यासारखा होता. पहिल्या परिच्छेदात बोर्डाचा क्रम परस्पर बदलल्याबद्दल लेखी ताकीद. दुसऱ्या परिच्छेदात आदेश: बाहेरगावच्या पक्षकाराचं प्रकरण बारापूर्वी गैरहजेरीत खारीज करू नये, पुकारा दुसऱ्यांदा व्हावा, आणि परिशिष्ट अ ची अद्ययावत प्रत न्यायासनावर ठेवण्यात यावी. दादासाहेबांची तक्रार येईपर्यंत तिच्यात तक्रार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गावंडेबाबू तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "वकीलसाहेब, ही शिक्षा हाये का शाबासकी?" मी म्हटलं, "दोन्ही." ते म्हणाले, "मंग पयला परिच्छेद तुमच्या काकूले दाखवत नाई."

निकालानंतर सुभद्राबाई संत्र्यांची गोणी घेऊन आल्या. गावंडेबाबूंनी ती टेबलापर्यंत येऊच दिली नाही. व्हरांड्यात उघडली आणि पुकाऱ्याची वाट बघत बसलेल्या प्रत्येकाच्या हातावर एकेक संत्रं ठेवलं. स्वतः एक फोडही खाल्ली नाही. दिवसभर कोर्टाला इतका सुंदर वास येत होता की आरोपीसुद्धा खूश दिसत होते.

पाच महिन्यांनी ते निवृत्त झाले आणि अकोटला गेले. पुढे बोर्ड संगणकावर निघू लागला. मोबाइलवर नंबर दिसतो, सगळं झटपट. मी या सोयीच्या विरुद्ध नाही. फक्त त्या संगणकाला रविवारी स्टँडवर पाठवता येत नाही, एवढंच.

काही वर्षांनी एका कामासाठी मी अकोटच्या कोर्टात गेलो. आमच्याच मॅडम तिथे बदलून आल्या होत्या, केसांत रुपेरी छटा घेऊन. दाराशी संगणकाचा बोर्ड होता, आणि त्याच्या शेजारी हाताने लिहिलेलं गाड्यांचं वेळापत्रक. शिपाई बाकांवरून फिरत विचारत होता, "बाहेरगावचे कोण कोण हायेत? कोणती गाडी?" मला हसू आलं. आणि मग शेवटच्या बाकावर त्या भुवया दिसल्या.

गावंडेबाबू बरेच वाळले होते. हातात काठी, गुडघ्याला पट्टा. कोर्टाची पायरी आयुष्यात पक्षकार म्हणून चढणार नाही असं म्हणणारा हा माणूस शेजाऱ्याच्या पन्हाळीच्या पाण्यावरून कोर्टात ओढला गेला होता. "आमच्या अंगणात त्याचं पाणी, अन् दावा बी त्याचाच!" असं म्हणून ते मोकळेपणी हसले. मग मात्र गुडघा दाबत म्हणाले की आज तरी हे मिटायला पाहिजे, जिना आता चढवत नाही.

मॅडम आसनावर आल्या, बोर्ड चाळला, आणि त्यांची नजर शेवटच्या बाकावर थांबली. मग पेन उचलून म्हणाल्या, "गावंडे यांचं प्रकरण आधी घ्या."

काठीचा आवाज झाला. गावंडेबाबू उभे राहिले होते. "मॅडम, नाई. माहं घर इथून हाकेवर हाये. तेल्हाऱ्याचे लोक बसले हायेत, हे वकीलसाहेब अमरावतीचे हायेत. मी गावातला. मले शेवटी ठेवा."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ठीक आहे," म्हणाल्या. "शेवटी ठेवा."

माझं काम दुपारी साडेतीनच्या सुमारास आटोपलं. बाक रिकामे होत आले होते. मी गावंडेबाबूंच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, "तुमचा पुकारा होईपर्यंत थांबतो. माझी गाडी साडेचारची आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नव्या कोटातला वकील झालो.

"साडेचारची बंद झाली. पावणेचारची हाये आता. त्यानंतर थेट गाडी नाई. उठा!"

"पण तुमचं प्रकरण..."

"माह्या प्रकरणात तुमी काय करसान? उठा म्हणतो ना जी!" आणि त्यांनी चक्क काठीने मला ढोसलं.

मी धावत स्टँडवर पोचलो. गाडी हलली होती, कंडक्टरने हात देऊन वर घेतलं. खिडकीशी बसल्यावर मी घड्याळ पाहिलं. बरोबर पावणेचार. माझे डोळे भरून आले, आणि शेजारच्याला वाटलं धूळ गेली. गावंडेबाबूंचा पुकारा अजून व्हायचा होता.